दहेजला लावलेले ॲल्युमिनियमचे बॉक्स पहिल्याच पावसाळ्यात बिघडतात, कोटिंग कोणतं करावं?

मकरपुरा_शेड

नमस्कार. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं शेड आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता दीर मशिनं बघतात आणि ग्राहक, खरेदी, तक्रारी माझ्याकडे. सोलर आणि इन्स्ट्रुमेंटेशनसाठी ॲल्युमिनियमचे बॉक्स बनवतो. बॉडी ६०६३ या मिश्रधातूच्या एक्स्ट्रूजनची (साच्यातून दाबून काढलेली), दोन टोकांची झाकणं एडीसी-१२ या मिश्रधातूची डाय-कास्ट (साच्यात ओतलेली), पाठीला हीट सिंकचे फिन, कारण आत पॉवर सप्लाय असतो आणि तो तापतो. बाहेर अर्थिंगचा स्टड. सगळ्याला राखाडी पॉलिएस्टर पावडर कोटिंग (पावडर फवारून ओव्हनमध्ये भाजलेला थर), बाहेरून जॉबवर्कनं करून घेतो, ६० ते ८० मायक्रॉन.

वडोदऱ्यात, हालोलला, वाघोडियाला लावलेल्या मालाची तक्रार येत नाही. समुद्राकाठी दहेजला गेलेला माल मात्र पहिल्या चोमासातच परत येतो. कापलेल्या कडांपासून पावडरच्या खालून बारीक दोरे वळवळत गेलेले दिसतात. नखानं पावडर उचलली की खाली पांढरं. स्टेनलेसच्या स्क्रूंभोवती फोड. अर्थिंग स्टडखाली पांढरी भुकटी, त्यामुळे रेझिस्टन्स वाढतो आणि ग्राहकाचा इलेक्ट्रिकल विभाग बॉक्स नापास करतो. झाकणांवर वेगळंच, पावडरला बारीक बारीक छिद्रं आणि त्यातून डाग.

आता एक विक्रेता मल्टिफंक्शनल नॅनो कोटिंग घेऊन आलाय. एकच फवारा: गंज थांबवतो, पाणी टिकू देत नाही, उष्णता बाहेर टाकतो, अर्थिंगला वीज वाहू देतो आणि ओरखडा पडला तर आपणहून भरून काढतो. दर ऐकून दीर गप्पच झाले. असं एकच कोटिंग खरंच असतं का? नसेल तर आम्ही काय करावं? फोटो जोडले आहेत.

पावडर_आणि_ओव्हन

ताई, आधी पावडर जाड करून बघा. समुद्राकडच्या मालाला आम्ही १०० ते १२० मायक्रॉन देतो. जॉबवाल्याचा ओव्हनही तपासा. हवा २०० अंश दाखवत असेल, पण जाड एक्स्ट्रूजन स्वतः तेवढं तापलेलं नसतं. धातूचं तापमान धरूनच १० मिनिटं मोजायची असतात. कच्ची राहिलेली पावडर दहेजला टिकणार नाही.

जुना_ॲनोडायझर

ताई, फोटो मोठे करून नीट बघितले. ओव्हनबद्दल वर लिहिलंय ते अगदी बरोबर. पण जाडी वाढवून तुमचे दोरे थांबणार नाहीत, कारण ते पावडरच्या वरून येतच नाहीत, खालून चालतात.

माझी हयात ॲनोडायझिंगच्या, म्हणजे आम्लात वीज सोडून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जाड थर वाढवण्याच्या, टाक्यांपाशी गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका. कोटिंग निवडण्याआधी धातू काय करतोय ते समजलं, की विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळतं.

ॲल्युमिनियम मुळात फार उतावीळ धातू. त्याला वाचवतो तो त्याचाच ऑक्साइड. हवा लागताक्षणी बनणारा, जेमतेम २ ते ४ नॅनोमीटरचा थर. पीएच साधारण ४ ते ८.५ असेपर्यंत हा थर टिकतो. त्याच्या खाली गेलं की आम्लात विरघळतो, वर गेलं की अल्कलीत. म्हणूनच ओलं सिमेंट उडालेल्या खिडक्यांना कायमचे डाग पडतात. आणि मिठातला क्लोराइड पीएच ठीक असतानाही या थराला कमकुवत जागी भोक पाडतो. कमकुवत जागा म्हणजे जिथे धातूत लोखंडाचे किंवा तांब्याचे कण बसलेत तिथे. वडोदऱ्याच्या हवेत क्लोराइड नगण्य. दहेज नर्मदेच्या मुखाशी, खंभातच्या आखातावर. तिथे खारी हवा आहे आणि शेजारी केमिकलचे प्लांट. तोच बॉक्स दोन ठिकाणी वेगळा वागतो तो यामुळे.

तुमचे दोरे म्हणजे फिलिफॉर्म करोजन. दोऱ्याच्या टोकाशी एक सूक्ष्म थेंब असतो, आम्लधर्मी, क्लोराइडनं भरलेला, ऑक्सिजन कमी. शेपटीकडून हवा आणि ओलावा आत येतो, टोक पुढे सरकतं, मागे पांढरा हायड्रॉक्साइड सोडतं. कड, ओरखडा, ड्रिलचं भोक, इथून सुरुवात होते. पण त्याला पळायला जागा मिळते ती धातूच्या वरच्या कातडीत. एक्स्ट्रूजन, करवत, ग्राइंडर, पॉलिश पेपर, यांनी धातूचा सगळ्यात वरचा थर चोळला जातो. त्यात ऑक्साइडचे तुकडे आणि तेल मिसळतं आणि तो आतल्या धातूपेक्षा जास्त सक्रिय होतो. ही कातडी काढलीच नाही तर वर कितीही महागाचं लावा, पाया कच्चाच.

काढायची म्हणजे कॉस्टिकमध्ये एचिंग, मग वर बसलेली काळी राख नायट्रिकमध्ये उतरवणं. समुद्राकाठच्या मालासाठी क्वालिकोट या कोटिंगच्या दर्जाच्या मानकातल्या सीसाइड वर्गात किमान २ ग्रॅम प्रति चौरस मीटर धातू उतरला पाहिजे अशी अट आहे. जाडीत बघितलं तर पाऊण मायक्रॉनसुद्धा नाही. तुमचा जॉबवाला तेवढं करतो की नुसतं साबणपाण्यातून काढतो, हे तुम्हालाच तपासता येईल. त्याच धातूचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, स्वच्छ करून वजन करा, मालाबरोबर टाकीत टांगायला द्या, राख उतरवल्यावर धुऊन वाळवून परत वजन करा. दोन्ही बाजू मिळून २०० चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे वजन ०.०४ ग्रॅमनं तरी घटलं पाहिजे. मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागेल. मांडवीत ओळखीच्या सोनाराकडे मिळेल.

धुण्याचं पाणी हा आमच्या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि यावर मी टाक्यांवरच्या पोरांशी आयुष्यभर भांडलो. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं शेवटची धुणी केली तर तुम्ही स्वतःच्या हातानं पावडरखाली क्लोराइड भरताय. शेवटची धुणी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची हवी आणि कामावरून निथळणाऱ्या थेंबांची कंडक्टिव्हिटी ३० मायक्रोसीमेन्सच्या आत. हातात धरायचं मीटर स्वस्त असतं. जॉबवाल्याकडे जाताना पिशवीत ठेवा.

आता स्क्रू. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की स्टेनलेस ऑक्सिजन वापरत बसतं आणि त्याची किंमत ॲल्युमिनियम मोजतं. स्क्रू आवळताना पावडर फाटते, उघडी पडते ती नेमकी डोक्याखालची कडी, आणि सगळा हल्ला तेवढ्या कडीवर होतो. डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला, आट्यांना झिंक फॉस्फेटची पेस्ट लावा, भोकाची चामफर पावडरच्या आधी करा, नंतर नव्हे. जमलं तर स्क्रूची डोकीही कोट केलेली घ्या. लोकांना हे उलटं वाटतं, पण अशा जोडीत जो धातू गंजत नाही त्यालाच झाकणं जास्त उपयोगाचं, कारण भूक त्याची असते.

झाकणं. एडीसी-१२मध्ये तांबं दीड ते साडेतीन टक्के आणि सिलिकॉन १० ते १२ टक्क्यांच्या आसपास. ओतायला सुंदर, पण खाऱ्या हवेसाठी चुकीचा धातू, कारण तांब्याचा प्रत्येक कण आतल्या आत एक छोटी बॅटरी चालवतो. एलएम-६ या दुसऱ्या ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन तेवढंच, पण तांबं ०.१ टक्क्याच्या आत. दहेजच्या झाकणांसाठी तेच मागा. बारीक छिद्रांचं कारण वेगळं: कास्टिंगच्या पोकळ्यांत अडकलेली हवा ओव्हनमध्ये बाहेर येते आणि वितळलेल्या पावडरीला फोडून जाते. पावडर मारण्याआधी झाकणं क्युअरिंगच्या (पावडर भाजण्याच्या) तापमानापेक्षा थोडी वर तापवून घ्यायची, म्हणजे हवा आधीच निघून जाते.

अर्थिंगचं आणि फिनचं नंतर लिहितो. त्याआधी एक सांगा: दहेजला नक्की कुठे? जेट्टीच्या बाजूला उघड्यावर, की एखाद्या प्लांटच्या आत?

मकरपुरा_शेड

काका, मनापासून आभार. एवढं कोणी सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे आहेत. काही बॉक्स समुद्राच्या अंगाला सोलरच्या स्ट्रक्चरवर, पूर्ण उघडे. बाकीचे डाय इंटरमीडिएटच्या (रंगांच्या कच्च्या मालाच्या) प्लांटमध्ये, स्क्रबरच्या (आम्लाचे वायू धुणाऱ्या यंत्राच्या) जवळ. तिथे वास येतो, डोळे चुरचुरतात. परत आलेल्यांत स्क्रबरजवळचे जास्त.

आणि फिनवर पावडर मारली तर उष्णता अडते असं दीर म्हणतात, म्हणून त्यांना फिन उघडेच ठेवायचे आहेत. ते बरोबर आहे का?

जुना_ॲनोडायझर

दिरांची शंका रास्त आहे, पण आकडे मांडून बघू. पावडरची उष्णतावाहकता साधारण ०.२५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरा आणि जाडी ८० मायक्रॉन. चौरस मीटरला ५०० वॅट बाहेर पडत असतील तर पावडरच्या थरात तापमानाचा फरक पडतो ०.१६ अंश. पंखा नसलेल्या फिनवर खरा अडथळा फिनला चिकटलेल्या हवेचा असतो, तिथे तेवढ्याच उष्णतेला ५० अंशांच्या घरात फरक लागतो. म्हणजे पावडरचा वाटा हिशेबात धरण्याजोगाही नाही.

उलट उघडं चकचकीत ॲल्युमिनियम किरणोत्सर्गानं उष्णता सोडण्यात अगदी दुबळं, एमिसिव्हिटी (किरणांनी उष्णता सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.१च्याही खाली. ॲनोडाइझ केलं की ०.८च्या आसपास, पावडरचीही साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त. तेव्हा फिनवर कोटिंग केल्यानं बॉक्स थंड राहायला मदतच होते. आणि काळाच रंग हवा असं नाही. उष्णतेच्या किरणांना साधं आणि काळं ॲनोडायझिंग जवळजवळ सारखंच. काळा रंग उन्हात ठेवलात तर वरून ऊन शोषेल, ते वेगळंच दुखणं. फक्त आत जिथे पॉवर सप्लाय भिंतीला टेकतो तिथे पावडर अजिबात नको, तेवढी जागा मशिन केलेलीच हवी.

आता जागेनुसार. समुद्राच्या अंगाला उघड्यावरच्या बॉक्सचे फिन ॲनोडाइझ करा, २० ते २५ मायक्रॉन. सल्फ्युरिक आम्ल लिटरला १८० ग्रॅमच्या आसपास, टाकी २० अंशांना, चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर. त्यात जाडीचा ढोबळ नियम म्हणजे करंट गुणिले मिनिटं गुणिले ०.३. म्हणजे २० मायक्रॉनला पाऊण तास. कोणी २० मिनिटांत २० मायक्रॉन देतो म्हणाला तर त्याला करंट विचारा. वडोदऱ्याच्या मे महिन्यात चिलर दमला आणि टाकी २५च्या वर गेली की थर मऊ पडतो, घासला तर बोटाला पांढरी भुकटी लागते. असा माल परत करा. उन्हाळ्यात चांगली शॉप रात्रपाळीतच जाड काम लावतात.

आणि सीलिंग! ॲनोडाइझ थरात सरळ उभी छिद्रं असतात, १० ते २० नॅनोमीटरची, चौरस सेंटिमीटरला अब्जावधी. ती बंद केली नाहीत तर तुम्ही क्लोराइडला घर बांधून दिलंत. ९६ अंशांच्या वरच्या डीएम पाण्यात, पीएच ५.५ ते ६.५, मायक्रॉनला २ ते ३ मिनिटं. ऑक्साइड पाणी घेऊन बोहेमाइट होतो, फुगतो आणि तोंडं बंद होतात. पाण्यात फॉस्फेट किंवा सिलिकेट आलं की हे फुगणं अडतं, म्हणून नळाचं पाणी चालत नाही. सील झालं की नाही ते रंगाच्या (डायच्या) थेंबानं कळतं: थेंब ठेवून पुसला आणि डाग राहिला तर छिद्रं उघडी आहेत.

पण स्क्रबरजवळ हे करू नका. ॲनोडाइझचा थर शेवटी ॲल्युमिनियमचा ऑक्साइडच. वीस मायक्रॉन असो की पंचवीस, पीएच ४च्या खालचा आम्लाचा ओलावा तो खाऊन टाकेल. तिथे पूर्ण बॉक्स पावडरखाली हवा, फिनसकट. सगळ्यात भक्कम करायचं तर पावडरच्या आधी ३ ते ८ मायक्रॉनचं पातळ ॲनोडायझिंग करा, सील न करता, आणि धुण्याचं पाणी ६० अंशांच्या खाली ठेवा म्हणजे छिद्रं चुकून बंद होणार नाहीत. पावडर त्या छिद्रांत पाय रोवते आणि दोऱ्यांना पळायची वाट राहत नाही.

हे ६०६३च्या बॉडीला. कास्टिंगला नाही, एवढं सिलिकॉन असलेलं कास्टिंग ॲनोडाइझ केलं की राखाडी, डागाळ आणि ठिकठिकाणी पातळ होतं. झाकणांना कन्व्हर्जन कोटिंग (रसायनात बुडवून धातूवरच बनवलेला पातळ थर), त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलिएस्टर. इपॉक्सी उन्हात खडूसारखी होते म्हणून ती वर ठेवायची नाही.

पावडर_आणि_ओव्हन

काकांचं मान्य. दोरे खालून चालतात तर माझी जाडी तिथे कामाची नाही. पण फिनबद्दल एक गोष्ट आमच्या बाजूची. अरुंद खाचेत पावडर जातच नाही. गनचा विद्युतभार फिनच्या टोकांकडे ओढला जातो, टोकांवर थर जाड बसतो आणि खाचेचा तळ जवळजवळ उघडा राहतो. मीटरनं मोजताना सगळे टोकांवरच मोजतात, म्हणून कळत नाही.

तुमचे फिन फोटोत फार जवळजवळ आहेत. डिझाइन बदलता येत असेल तर मधलं अंतर वाढवा आणि उंची कमी करा. नसेल तर ट्रायबो गनवाला शोधा, त्यात घर्षणानं भार येतो, टोकांचा हा त्रास बराच कमी. किंवा मोटारींच्या पार्टना करतात तसं सीईडी (विजेनं रंग बसवणं) करून घ्या. सगळा बॉक्स टाकीत बुडतो, करंटनं इपॉक्सी प्रत्येक कोपऱ्यात २० मायक्रॉनच्या आसपास बसते, मग बाहेरून पॉलिएस्टर पावडर. आणि धारदार कडा आधी गोल करा. पावडर वितळली की कडेवरून मागे सरकते, कितीही मारा. तुमच्या दोऱ्यांची सुरुवात बहुतेक तिथेच झालीय.

जुना_ॲनोडायझर

खाचेचा मुद्दा फार मोलाचा. मी फक्त टाकीतला माणूस, हे माझ्या लक्षात आलं नसतं.

राहिलं अर्थिंग. ॲनोडाइझचा थर वीज अडवतो, पावडर अडवते, आणि उघडं ॲल्युमिनियम दहेजला भुकटी होतं. या पेचातून सुटका करतो तो एकच थर, कन्व्हर्जन कोटिंग. इतका पातळ की स्टड आवळला की वीज वाहते, आणि तरी खाली धातू राखतो. पूर्वी यासाठी पिवळं क्रोमेट असायचं, सहा संयुजेच्या क्रोमियमचं. त्याचा गुण खरोखर मोठा होता. थरात थोडं विरघळणारं क्रोमियम शिल्लक राहायचं, ओरखडा पडला की ओलाव्याबरोबर तिथे पोचायचं आणि तीन संयुजेचं होऊन जखम बंद करायचं. आज ज्याला सेल्फ-हीलिंग म्हणतात ते आम्ही त्या काळी पिवळ्या टाकीतून रोज काढत होतो.

पण ते कर्करोगकारक आहे. टाकीवरच्या माणसांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोकं पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आपल्या वडोदऱ्यात क्रोमियमच्या कचऱ्यानं जमिनीचं आणि भूजलाचं काय केलं ते गोरव्याकडच्या लोकांना विचारा. युरोपनं इलेक्ट्रिकल मालात त्यावर २००६ पासून मर्यादा घातली आणि क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय बंद केला. तुमचा माल इलेक्ट्रिकल आहे. कोणी स्वस्तात पिवळं करून देतो म्हणाला तर नको म्हणा, ताई. पैशांचा प्रश्न असला तरी नको म्हणा.

त्याऐवजी टीसीपी मागा, तीन संयुजेच्या क्रोमियमचं आणि झिर्कोनियमचं. अमेरिकेच्या नौदलानं विमानांसाठी विकसित केलेलं. थर शंभर नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्यांना जेमतेम निळसर छटा दिसते, म्हणून पिवळ्याला सरावलेली माणसं झालंच नाही म्हणून परत बुडवतात. ऑर्डरमध्ये एमआयएल-डीटीएल-५५४१, टाइप २, क्लास ३ असं लिहा. क्लास ३ म्हणजे वीज वाहण्यासाठी. त्याची कसोटी चौरस इंचाला ५ मिलिओहमच्या आत, आणि १६८ तास सॉल्ट स्प्रेनंतरही १० च्या आत.

क्रम नीट धरा. जिथे पातळ ॲनोडायझिंग नाही तिथे आधी सगळ्या भागाला टीसीपी, मग अर्थिंगच्या जागेवर सिलिकॉनची टोपी किंवा हिरवी पॉलिएस्टर टेप, मग पावडर, मग टेप काढायची. खाली टीसीपी तयार असतं. जिथे ॲनोडायझिंग आहे तिथे अर्थिंगची जागा शेवटी मशिन करून ब्रशनं टीसीपी लावायचं. वर तांब्याचा उघडा लग कधीही नको. टिनचा मुलामा असलेला लग (वायरच्या टोकाचं कडं), आणि आवळून झाल्यावर सगळ्यावर ग्रीस. तांब्यावरून ओघळणारा थेंब खालच्या ॲल्युमिनियमवर तांबं बसवतो आणि तिथे खड्डा ठरलेला.

धातुशास्त्र_पीएचडी

मी इथेच, वडोदऱ्याच्या एमएसयू विद्यापीठात याच विषयावर काम करतेय, म्हणून नॅनो कोटिंगबद्दल थोडं. ताई, विक्रेता सांगतोय त्यातला प्रत्येक गुण प्रयोगशाळेत वेगवेगळा मिळालेला आहे. सगळे एका फवाऱ्यात आणि दहेजच्या हवेत वर्षानुवर्षं टिकणं, हा दावा मात्र त्याला मोजून दाखवायला सांगा.

ओरखडा भरणं खरं आहे. सोल-जेलच्या (द्रावणातून बनवलेल्या) सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाच्या पातळ थरात सिरियमचे क्षार घालतात. गंज सुरू झाला की तांब्याच्या कणांवर पीएच वाढतो, तिथेच सिरियमचा हायड्रॉक्साइड बसतो आणि तो कण बंद पडतो. दुसरा मार्ग हॅलोयसाइट नावाच्या मातीच्या नैसर्गिक नळ्या, त्यात इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) भरून ठेवायचा. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो लेयर्ड डबल हायड्रॉक्साइड. त्याच्या पदरांमध्ये व्हॅनाडेटसारखा इन्हिबिटर ठेवलेला असतो. क्लोराइड आला की पदर तो आत घेतात आणि बदल्यात इन्हिबिटर सोडतात. म्हणजे ज्याच्यामुळे गंज होणार त्यालाच पकडून औषध मोकळं होतं. क्रोमेटची जागा घेणारं काही मिळेल तर या दिशेनं मिळेल असं मला मनापासून वाटतं. पण हे थर बहुतेक एक-दोन ते काही मायक्रॉनचे असतात आणि त्यांच्यावर चांगला टॉपकोट लागतोच.

पाणी न टिकणं: थेंबाचा कोन १५० अंशांच्या वर जातो तो पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे. तो घासला, धुळीनं भरला किंवा त्याच्या खाचांत दव धरलं की गुण गेला. स्क्रबरजवळच्या बॉक्सवर माझा त्यावर अजिबात भरवसा नाही.

आणि वीज वाहणारं कोटिंग म्हणून आत ग्राफीन किंवा कार्बन असेल तर जास्त सावध राहा. कोटिंग अखंड असेपर्यंत ठीक. ओरखडा पडला की कार्बन काकांच्या स्टेनलेस स्क्रूचं काम करतो आणि उघडं ॲल्युमिनियम आणखी वेगानं जातं.

जाड सिरॅमिक हवं असेल तर प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशन आहे. साध्या ॲनोडायझिंगला १२ ते २० व्होल्ट लागतात, यात कित्येकशे व्होल्ट, टाकीत पृष्ठभागावर ठिणग्या नाचतात आणि फार कठीण ऑक्साइड बसतो. हैदराबादच्या एआरसीआयनं यावर बरंच काम केलंय. झिजणाऱ्या भागांना उत्तम, तुमच्या बॉक्सला गरजेपेक्षा महाग, आणि वरचा भाग सच्छिद्र असल्यानं सील करावंच लागतं.

विक्रेत्याकडे नुसता सॉल्ट स्प्रेचा रिपोर्ट मागू नका. ५ टक्के मीठ, ३५ अंश, सतत ओलं, ही चाचणी दोरे दाखवत नाही, कारण दोऱ्यांना मधूनमधून सुकणारी दमट हवा लागते. फिलिफॉर्मची वेगळी चाचणी आहे: रेघ ओढायची, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत तासभर धरायचं, मग ४० अंश आणि ८२ टक्के आर्द्रतेत १००० तास. तो रिपोर्ट मागा, तुमच्याच धातूवर केलेला, आणि ६०६३चा आणि एडीसी-१२चा वेगवेगळा.

मकरपुरा_शेड

सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला फोन केला. फिलिफॉर्मचा रिपोर्ट नाही म्हणाला, अर्थिंगचा आकडाही नाही. तो विषय बंद केला.

आता एका लॉटपुरतं असं ठरवतोय. स्क्रबरजवळच्या बॉक्सना नीट एचिंग, पातळ ॲनोडायझिंग, मग पावडर. फिनमधलं अंतर वाढवण्यासाठी एक्स्ट्रूजनचा नवीन साचा काढणार. समुद्राकडच्यांना फिनवर २५ मायक्रॉन सील केलेलं, फिनला मास्किंग करून बाकी बॉडीला पावडर. अर्थिंगला टीसीपी. झाकणं एलएम-६. पण कास्टिंगवाला कुरकुरतोय. एलएम-६ चिकट आहे, टॅप तुटतात, आटे फाटतात म्हणतो. आणि १००० तासांची चाचणी दर लॉटला आम्हाला परवडणार नाही. शेडमध्ये करता येईल असं काही आहे का?

जुना_ॲनोडायझर

समुद्राकडच्या बॉडीत एक बदल करा. सीलिंग केलेल्या थरावर पावडर नीट धरत नाही, तेव्हा फिनचं एक्स्ट्रूजन आणि बॉडी वेगवेगळी करता आली तर सगळ्यात बरं. फिनचा भाग ॲनोडाइझ आणि सील, बॉडीला पावडर, मध्ये गॅस्केट. एकाच तुकड्यावर दोन्ही करायला गेलात तर मास्किंगच्या रेषेवर पुन्हा दोरे सुरू होतील.

कास्टिंगवाला खोटं बोलत नाही. एलएम-६ हत्याराला ओढतं आणि सिलिकॉन धार खातं. कार्बाइडची हत्यारं, पुढचा कोन मोठा, भरपूर कूलंट, आणि एम-४ सारखे बारीक आटे असतील तर एम-५ करा. दर थोडा वाढवून मागेल, तो द्या.

शेडमधली चाचणी आहे, आणि क्वालिकोटमध्येच दिलेली आहे. प्रेशर कुकर. लॉटबरोबर कोट केलेली पट्टी डीएम पाण्यात कुकरमध्ये तासभर, एक बार दाबावर. बाहेर काढून थंड झाली की ब्लेडनं जाळी कापा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि ओढा. फोड दिसले किंवा चौकोन निघाले तर एचिंग, धुणी किंवा ओव्हन यांपैकी कुठेतरी कसूर आहे आणि तो लॉट पाठवायचा नाही. ही चाचणी दोरे येणार नाहीत याची हमी देत नाही, पण कच्चं काम त्याच दिवशी पकडते. कुकर शेडसाठी वेगळा घ्या, स्वयंपाकघरातला नको.

आणि फिनवर रंगाच्या थेंबाची चाचणी प्रत्येक लॉटला, टोकावर नाही तर खाचेच्या तळाशी.

पावडर_आणि_ओव्हन

ताई, पहिल्या लॉटच्या पट्ट्या माझ्याकडे पाठवा. ओव्हनमध्ये धातूवर लावायचा तापमानाचा रेकॉर्डर आहे, तुमच्या जॉबवाल्याच्या ओव्हनमध्ये एकदा फिरवून आणू. झाकणं एलएम-६ची झाली तरी आधी तापवून घ्यायला विसरू नका, पोकळ्या त्यातही असतात.